मॅडम, लाइन गेली होती!

‘सॉरी, मी म्यूटवर होते!’ हे वाक्य 2020 मध्ये तुम्ही-आम्ही दिवसातून चारदा तरी म्हटलंय. आपलं ठीक होतं हो. एक्सेल शीट घरून भरली काय नि ऑफिसातून भरली काय, बॉसला मेल वेळेत मिळाल्याशी मतलब. पण उद्या ज्यांच्या हातात आपली नाडी द्यायची, ती मंडळीही तेव्हा म्यूटवरच होती, हे कधी डोक्यात आलं होतं?

माझ्या घरातच असा एक नमुना आहे. माझी मावसबहीण, 2019 ची एमबीबीएस बॅच. ‘नुसती घोकंपट्टी नको, कौशल्य हवं’ असं म्हणत देशभर जो नवा अभ्यासक्रम आला, त्याची पहिलीच बॅच. डिसेक्शन हॉलमधल्या फॉर्मालिनच्या वासाची जेमतेम सवय होतेय, तोच मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागलं आणि बाईसाहेब हॉस्टेलवरून थेट आजीच्या घरी. बुलढाणा जिल्हा, संग्रामपूर तालुका, सातपुड्याचा पायथा. आता बुलढाण्याला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, 2024-25 मध्ये 100 जागांनी सुरू झालेलं. तेव्हा अख्ख्या जिल्ह्यात एमबीबीएसचं एकही कॉलेज नव्हतं. अकोला, नागपूर, तेव्हाचं औरंगाबाद, जिथे नंबर लागेल तिथे पोरं जायची. लॉकडाऊनमध्ये ती परत आली आणि डिसेक्शन हॉल तिकडेच राहिला.

रेंज फक्त स्लॅबवर. मे महिन्याचं वऱ्हाडी ऊन, डोक्याला दुपट्टा आणि मोबाइलच्या चिमुकल्या स्क्रीनवर खांद्यातल्या नसांचं जाळं. मध्येच लाइन जायची, टॉवर झोपायचा, की लेक्चर खल्लास. आजीला काही कळेना. ‘डॉक्टरकीची पोरगी दिवसभर स्लॅबवर काहून बसून राह्यते?’

मला वाटलं, ही ऑनलाइनला मनसोक्त शिव्या घालणार. म्हणून लेखासाठी तिला आणि तिच्या तीन-चार दोस्तांना गाठलं, तर भलतंच! लेक्चर ऑनलाइनच बेस्ट, असं सगळ्यांचं म्हणणं. भल्यामोठ्या वर्गात शेवटच्या बाकावरून फळा दिसायचा नाही. इथे कळलं नाही की रेकॉर्डिंग मागे घ्या, कळलेलं असलं की दीडपट स्पीडने पळवा. चारचौघांत हात वर करायला लाजणारी खेड्यातली मराठी मीडियमची पोरं चॅटमध्ये बिनधास्त शंका विचारायला लागली. अर्थात, कॅमेरा बंद ठेवून झोपणारेही होते. एक पठ्ठ्या तर वावरातून हजेरी लावायचा, आणि हे मला त्याने अभिमानाने सांगितलं!

मग घोडं अडलं कुठे? बोटांत. छाती ठोकून तपासतात ना, पर्कशन म्हणतात त्याला. डाव्या हाताचं मधलं बोट छातीवर सपाट ठेवायचं आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर टकटक करायची. आत हवा असेल तर पोकळ आवाज, पाणी साचलं असेल तर बद्द. व्हिडिओत बोटं दिसतात, आवाजही येतो. पण बोटाखाली जो फरक कळतो, तो कुठल्या फोर-जीवरून येणार?

एके दिवशी आजी घरातली धान्याची कोठी बोटांनी वाजवून गहू कुठवर उरलाय ते बघत होती. बहीण बघतच राहिली. ही युक्ती वैद्यकात आणणारा लिओपोल्ड औएनब्रुगर हा ऑस्ट्रियातल्या ग्राझचा, खाणावळवाल्याचा मुलगा. पिंपं वाजवून आत दारू किती आहे ते ओळखतात, हे त्याने लहानपणी बापाकडे पाहिलेलं. त्यावरून माणसाची छाती वाजवून बघण्याची पद्धत त्याने 1761 मध्ये पुस्तकात मांडली. मग काय, बहिणीने आधी कोठी ठोकून पाहिली आणि नंतर आजीची पाठ. ‘मी काय कोठी हाय का वं?’ आजी करवादली, पण बसली बिचारी.

आजी मात्र ठणठणीत. पाणी साचलेली छाती काही तिच्याकडे नव्हती. 1 डिसेंबर 2020 पर्यंत कॉलेजं उघडा, असं राष्ट्रीय आयोगाने सांगितलं खरं. पण काही महिन्यांत दुसरी लाट आली आणि पोरं पुन्हा स्क्रीनसमोर. 3 मे 2021 ला केंद्राने जाहीर केलं, की प्राध्यापकांच्या देखरेखीखाली शेवटच्या वर्षाच्या मुलांनाही सौम्य पेशंटना फोनवरून सल्ला द्यायला घ्यावं. हिच्या सीनियर्सवर ती वेळ आली.

‘तुमची कोविड बॅच ना?’ हे तिने इंटर्नशिपभर ऐकलं. ती चिडत नाही. म्हणते, ‘पुस्तकात आम्ही कुठे कमी नव्हतो गं. मला अनोळखी माणसाच्या अंगाला हात लावायचीच भीती वाटायची. हात थरथरला की पेशंटला लगेच कळतं.’ ही कसर तिने रात्रीच्या ड्यूट्या मागून घेऊन भरून काढली, एका सीनियर सिस्टरच्या मागेमागे फिरून. सगळ्यांना अशी सिस्टर भेटली असेल, असं मला वाटत नाही. लेक्चरं खुशाल ऑनलाइन ठेवा, पण वॉर्डातले बुडालेले तास त्या मुलांना मोजून परत द्यायला हवे होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

सध्या ती जिल्ह्यातल्याच एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. परवा थंडीत तिच्याकडे गेले होते. एक आजोबा पोट दुखतंय म्हणून आले. हिने तळहात एकमेकांवर चांगले चोळले, गालाला लावून बघितले आणि मग त्यांच्या पोटावर ठेवले.

‘हे कुठल्या लेक्चरमध्ये शिकवलं?’ मी नंतर विचारलं.

‘लेक्चर कसलं! आजी ओरडायची, थंडगार हात लावू नको वं.’