स्कॅनरला जीव येईना तेव्हा

चाकणच्या कारखान्यात गाडी तयार होऊन लाइनवरून उतरते, तेव्हा तिच्या स्टेअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटात तपासणीची वायर जोडली जाते. इंजिन, ब्रेक, एअरबॅग यांच्या कंट्रोलरांशी तिथूनच बोलणं होतं. पुढे मालकाला या सॉकेटचा पत्ताही नसतो, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागेपर्यंत.

आमच्या गाडीचा तो लागला ऐन पावसाळ्यात. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, तर त्याचा पडदाच उजळेना. "ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंट्रोलर, गेला असणार," असं सांगून त्यांनी असा आकडा काढला की गाडी विकून टाकावी. पण तीच गाडी मोशी ते चाकण रोजच्या कोंडीत मुकाट चालत होती. इंजिनाचा ईसीयू गेला असता तर ती सुरूच कशी झाली असती?

गुरुवारी भोसरी एमआयडीसीला सुट्टी. खालच्या मजल्यावरचे दादा तिथे वायरिंग हार्नेसच्या कारखान्यात आहेत. मल्टिमीटर आणि स्कॅनर घेऊन ते पार्किंगमध्ये आले आणि ड्रायव्हरच्या सीटपाशी गुडघे टेकून म्हणाले, "आधी चार आणि सोळा. बाकीचं मग."

सॉकेटच्या पिनांचे हे आकडे कुठल्याही गाडीत तेच. अमेरिकेत १९९६ पासून आणि आपल्याकडे बीएस-४ च्या काळात, एप्रिल २०१३ पासून, या सॉकेटवरून तपासणीची ओबीडी-२ पद्धत गाड्यांना सक्तीची झाली. त्यामुळे घरबसल्या तपासणी शक्य आहे. वरच्या रांगेत १ ते ८, खालच्या रांगेत ९ ते १६. खालच्या रांगेतल्या शेवटच्या १६ नंबरवर थेट बॅटरीचा करंट, चावी काढलेली असली तरी. ४ ही बॉडीची अर्थ, ५ ही सिग्नलची. स्कॅनर स्वतःचा जीव याच पिनांवरून घेतो. तेव्हा त्याचा दिवाच लागत नसेल तर ईसीयूपर्यंत जायचं कारणच नाही.

१६ वर शून्य. मीटरची लाल तार तिथेच ठेवून काळी दाराच्या बिजागरीच्या बोल्टला टेकवली, तरी शून्य. म्हणजे अर्थ नव्हे, करंटच येत नव्हता. अनेक गाड्यांत या पिनेला आणि मोबाइल चार्ज करायच्या लायटर सॉकेटला एकच फ्यूज असतो. आमचा १५ अँपिअरचा निळा फ्यूज मधोमध तुटलेला निघाला. नवा बसवण्यापूर्वी दादांनी लायटर सॉकेटात टॉर्च मारली. तळाशी एक रुपयाचं नाणं. टोलसाठी सुटे पैसे ठेवायची सवय फास्टॅग आल्यावरही जात नाही, ती अशी महागात पडते. (बॅटरीची तार काढूनच नाणं उचललं. फ्यूज उडतो म्हणून जास्त अँपिअरचा टाकणारे मी पाहिले आहेत. मग फ्यूजऐवजी वायर जळते.)

नवा फ्यूज बसवल्यावर स्कॅनर उजळला, पण गाडीशी 'लिंक' होईना. इथे सहा आणि चौदा नंबरची कॅन लाइन येते. बॉशने १९८६ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत दोन पीळ दिलेल्या तारांवर सगळे कंट्रोलर बोलतात, आणि लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. बॅटरी सोडवून ६ आणि १४ मध्ये मोजलं की साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय. शून्याच्या आसपास आले तर तारा एकमेकींना चिकटल्यात, आणि आमच्या भागात अशा वेळी पहिला संशय उंदरावर. नव्या गाड्यांत सॉकेट आणि लाइन यांच्या मध्ये गेटवे असतो, तिथे हा हिशोब जसाच्या तसा लागू होईलच असं नाही. आमच्या जुन्या गाडीत मात्र चोख ६० आले.

मीटर म्हणतोय लाइन ठीक, स्कॅनर म्हणतोय गाडीच नाही. मला काही कळेना, पण हार्नेसवाल्याला कळलं. त्यांनी सॉकेट क्लिपांतून सोडवून उलटं केलं आणि १४ नंबरचं टर्मिनल दाखवलं: तोंड फाकलेलं. कुणीतरी टेस्ट लॅम्पचं जाड टोक तिथे दाबून घातलं होतं. मीटरची तार कडेला टेकते म्हणून आकडा बरोबर येतो; स्कॅनरची पिन मात्र मधल्या पोकळीत लोंबकळते. "आमच्याकडे असा पीस क्वालिटीवाला परत पाठवतो," दादा म्हणाले. बारीक सुईने त्यांनी त्या पात्या आत दाबल्या आणि एक सुटी पिन घालून पकड पाहिली. शेजारच्या पिवळ्या कनेक्टरला त्यांनी हातही लावला नाही. ते एअरबॅगचं वायरिंग. घरगुती मीटर तिथे चालवायचाच नाही.

बॅटरी जोडली, चावी फिरवली, स्कॅनर लावला. कोड आला: पी ०१३५, पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट. मी मोबाइलवर नव्या सेन्सरची किंमत शोधायला लागलो, तर दादा बॉनेट उघडून तिथला दुसरा फ्यूजबॉक्स खोलत होते.