जुन्या मोटारीचा कर कोणी भरावा?



कामगारांच्या चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने विलायतेतल्या हौशी लोकांच्या जुन्या मोटारींविषयी काय म्हणून बोलावे, असा प्रश्न विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आला असेल. त्याला आमचे उत्तर असे, की करांचे कोष्टक हे समाजाचे उघडे पुस्तक असते. कोणाला कर लावला हे त्यात लिहिलेले असते आणि कोणाला माफ केला हेही लिहिलेले असते. त्यातला दुसरा रकाना आम्हांला अधिक बोलका वाटतो. समाज कोणत्या गोष्टीला मोल देतो आणि कोणत्या गोष्टीकडे पाठ फिरवितो, हे त्या रकान्यावरून चटकन कळते.

आज ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या मोटारीला वार्षिक वाहनकर द्यावा लागत नाही. ही माफी कशी आली, ती ज्यांना मिळते त्यांना तिच्याविषयी काय वाटते, आणि आपण त्यातून काय घ्यावे, एवढे तीन मुद्दे आपण क्रमाने पाहू.

आधी कराचा इतिहास पाहू. सामान्य ब्रिटिश माणूस या कराला ‘रस्त्याचा कर’ म्हणतो आणि त्या नावाला कारण आहे. १९०९ सालच्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी पेट्रोलवर कर बसविला आणि गाडीच्या अश्वशक्तीप्रमाणे परवान्याचे शुल्क ठरविले. मोटारवाल्यांचा पैसा मोटारीच्या रस्त्यांवरच खर्च होईल, असे तेव्हाचे आश्वासन होते. पुढे १९२० च्या कायद्याने ‘रोड फंड’ हा स्वतंत्र निधी उभा राहिला. १ जानेवारी १९२१ पासून दर अश्वशक्तीमागे एक पौंड कर सुरू झाला आणि तो भरल्याची खूण म्हणून समोरच्या काचेवर कागदाची गोल चकती लावणे सक्तीचे झाले. ही चकती ब्रिटिश माणसाच्या डोळ्यांसमोर इतकी वर्षे राहिली, की १ ऑक्टोबर २०१४ रोजी ती बंद झाली तेव्हा अनेकांना चुकल्यासारखे वाटले.

कर यंत्राला कसा आकार देतो, याचे एक उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. करासाठी अश्वशक्ती मोजताना इंजिनात सिलिंडर किती आणि त्यांचा व्यास केवढा, एवढेच पाहत. दट्ट्या वरखाली किती अंतर जातो, याचा हिशेब त्यात नव्हता. साहजिकच कारखानदारांनी सिलिंडर अरुंद आणि लांब केले. १९२२ साली निघालेल्या ‘ऑस्टिन सेव्हन’ या छोट्या गाडीच्या नावातला सात हा आकडासुद्धा सुमारे या कराच्याच अश्वशक्तीचा आहे. हा विचित्र हिशेब युद्धानंतर सुटला आणि १९४८ साली नव्या गाड्यांवर सरसकट वर्षाला १० पौंड कर आला. तोपर्यंत पाव शतक ब्रिटिश इंजिनाची बांधणी अभियंत्याइतकीच कर-अधिकाऱ्यानेही ठरविली होती!

आणि रस्त्यांसाठीच खर्च करण्याच्या आश्वासनाचे काय झाले? १९२० नंतरच्या दशकात अर्थमंत्री असताना चर्चिलसाहेबांनीच रोड फंडातला पैसा सरकारी तिजोरीकडे वळविला. १९३७ साली कराची आणि रस्त्याची सांगड कायद्यानेच सुटली. गावातला, गल्लीतला रस्ता तेथील नगरपालिका स्थानिक कर आणि सरकारी अनुदान यांतून राखते. म्हणजे त्या रस्त्याला सायकलवाल्याचा पैसा लागतो, पायी चालणाऱ्याचाही लागतो. तरीसुद्धा ‘आम्ही रस्त्याचा कर भरतो, तुम्ही भरत नाही’ असे सायकलवाल्याला सुनावणारे मोटारवाले तेथे आजही भेटतात. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

आता माफीकडे वळू. नोव्हेंबर १९९५ च्या अंदाजपत्रकात हुजूर पक्षाचे अर्थमंत्री केनेथ क्लार्क यांनी पंचवीस वर्षांपलीकडच्या गाड्यांचा कर माफ केला. ही माफी चालती होती, म्हणजे दरवर्षी आणखी एका वर्षाच्या गाड्या तिच्यात येत. १९९७ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला. अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी माफी काढून घेतली नाही, पण गोठविली. १ जानेवारी १९७३ पूर्वी बनलेल्या गाड्यांना माफी राहिली, त्यानंतरच्यांना दार बंद झाले. पुढे जॉर्ज ऑस्बोर्न यांनी १ एप्रिल २०१४ पासून रेघ एक वर्षाने पुढे नेली आणि त्यानंतर माफी पुन्हा चालती झाली. या वेळी मात्र अट चाळीस वर्षांची होती. या हिशेबाने १ एप्रिल २०२५ पासून १ जानेवारी १९८५ पूर्वी बनलेल्या गाड्या माफीत आल्या.

माफी आहे म्हणजे कागदपत्र नाही, असे मात्र समजू नये. मालकाला दरवर्षी शून्य रुपयांचा, नव्हे शून्य पौंडांचा, कर रीतसर नोंदवावा लागतो आणि गाडी रस्त्यावर आणायची तर विमा उतरवावा लागतो. आणि एक अट फार महत्त्वाची आहे. जी गाडी भाड्याने उतारू नेते किंवा धंद्यात वापरली जाते, तिला ती कितीही जुनी असली तरी ही माफी नाही. या अटीकडे आपण पुन्हा येऊ.

माफी मिळालेल्या मालकांना काय वाटते? फुकट मिळते ते सर्वांनाच गोड लागते, असे आपण म्हणू. पण त्यांच्यात एकमत नाही, आणि हेच आम्हांला ऐकण्यासारखे वाटते.

पहिला गट समाधानी आहे. जुनी मोटार ठेवणारा म्हणजे सरदार-जहागीरदारच, ही समजूत चुकीची आहे. १९४८ साली आलेला मॉरिस मायनर किंवा १९५९ ची मिनी या साध्या घरांतल्या गाड्या होत्या. आजही निवृत्त फिटर, शिक्षक, पोस्टमन अशी माणसे त्या सांभाळतात आणि रविवारी हात काळे करून स्वतःच दुरुस्त करतात. त्यांचा हिशेब पाहा. २०२४-२५ साली जुन्या पद्धतीने कर लागणाऱ्या गाडीला, इंजिन १५४९ घनसेंटिमीटरपर्यंत असेल तर वर्षाला २१० पौंड आणि त्याहून मोठे असेल तर ३४५ पौंड पडत. वर्षातून चार-सहा वेळा बाहेर निघणाऱ्या गाडीसाठी निवृत्तिवेतनातून एवढी रक्कम काढणे जड जाते. माफीमुळे गाडी भंगारात जात नाही, असे हा गट सांगतो.

दुसऱ्या गटाला रेघेचा राग होता. डिसेंबर १९७२ मध्ये कारखान्यातून निघालेली गाडी करमुक्त आणि तिच्यामागून जानेवारीत निघालेली, त्याच साच्याची, त्याच रंगाची गाडी सोळा-सतरा वर्षे कर भरीत राहिली. ‘जुनी’ या शब्दाला अर्थ असेल तर काळ पुढे सरकतो तशी रेघही सरकली पाहिजे, असे ते म्हणत. आम्हांला हे म्हणणे रास्त वाटते. सवलत तारखेला बांधली की ती वतन होते आणि नियमाला बांधली की हक्क होतो. हे कामगारांना समजावून सांगण्याची गरज नाही. अमुक तारखेपूर्वी लागलेल्यांना एक पगार आणि त्यानंतरच्यांना दुसरा, हा खेळ त्यांनी पुष्कळ कारखान्यांत पाहिला आहे.

तिसरा गट आपल्याला चकित करील. तो म्हणतो, आमच्याकडून थोडा का होईना, कर घ्याच! त्यांना भीती अशी, की आज कर नाही म्हणून उद्या कोणी विचारील, ‘तुम्ही देत नाही, मग रस्त्यावर येता कशाला?’ सायकलवाल्याला जे ऐकावे लागते ते आपल्याला ऐकावे लागू नये, एवढीच त्यांची इच्छा. रस्त्यावरचा हक्क पावतीवर अवलंबून नसतो, हे आपण वर पाहिलेच. पण पावती हातात असली की माणसाला बळ येते, हेही खरे. वर्गणी न घेता सभासद करून घेतलेली संघटना फार दिवस टिकत नाही, असा आमचाही अनुभव आहे.

चौथा वाद सुरक्षिततेचा आहे. ब्रिटनमध्ये गाड्यांची वार्षिक तपासणी होते. आपले रिक्षावाले ज्याला ‘पासिंग’ म्हणतात, तसाच तो प्रकार. २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांपलीकडच्या आणि फारसा फेरफार न केलेल्या गाड्यांना त्यातूनही सूट मिळाली. सरकारने आधी लोकांची मते मागविली होती. आलेल्या उत्तरांत सूट नको म्हणणारे अधिक निघाले, तरी सूट दिली गेली. कर माफ करा, पण ब्रेक तपासणे माफ करू नका, असे म्हणणारा आणि सूट असूनही आपण होऊन गाडी तपासून घेणारा मालक तेथे आहे. हा मालक आम्हांला आवडतो. पैशाची सवलत आणि जिवाची सवलत यांतला फरक त्याला कळला आहे.

आता आमचे मत. जुनी गाडी राखण्यासाठी समाजाने थोडा पैसा सोडला, तर आमची तक्रार नाही. लोक त्या गाडीत मालकाची ऐट पाहतात, आम्ही तिच्यात कामगाराचा हात पाहतो. लंडनजवळच्या डॅगनहॅम येथील फोर्डच्या कारखान्यात १९६८ साली आसनांची कव्हरे शिवणाऱ्या १८७ स्त्रियांनी संप केला. त्यांचे काम ‘अकुशल’ ठरवून त्यांना कमी दर्जा आणि पुरुषांहून कमी पगार दिला होता. त्या संपातून १९७० चा समान वेतनाचा कायदा आला. दर्जाची मागणी पदरात पडायला मात्र १९८४ साली पुन्हा संप करावा लागला. त्या काळातली एखादी फोर्ड कॉर्टिना आज करमुक्त होऊन प्रदर्शनात उभी असते आणि लोक तिच्या चकचकीत पत्र्याचे कौतुक करतात. त्यांनी जरा वाकून आसनाची शिवणही पाहावी. ती शिवण हे एका लढ्याचे स्मारक आहे.

परंतु मघाच्या त्या अटीचे काय? हौसेच्या गाडीला माफी, पोटाच्या गाडीला नाही! लंडनमध्ये धुराविरुद्ध नियम झाला तेथेही हेच दिसते. ८ एप्रिल २०१९ पासून शहराच्या मध्यभागी आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून सबंध लंडनमध्ये, ठरावीक मापात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात. २०१० ची डिझेल व्हॅन घेऊन कामावर जाणारा नळकारागीर पैसे भरतो आणि १९७० ची हौसेची मोटार मोफत जाते. यात सगळाच अन्याय आहे असे आम्ही म्हणणार नाही. रोज दहा तास धावणारी गाडी आणि महिन्यातून एकदा निघणारी गाडी यांचा धूर सारखा नसतो, आणि तो धूर कामगाराचीच मुले अधिक गिळतात. पण धूर कमी करण्याचा खर्च कोणावर पडतो, हे विचारलेच पाहिजे.

आपल्याकडे पाहा. वाहनावरचा कर हा आपल्या राज्यघटनेप्रमाणे राज्यांचा विषय आहे. महाराष्ट्रात २०१० पासून जुन्या गाड्यांवर पर्यावरण कर आहे. खाजगी गाडीला तो पंधरा वर्षांनी लागतो, धंद्याच्या गाडीला आठ वर्षांनी. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांपलीकडच्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींसाठी वेगळे नियम केले. त्यांच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये पडतात. प्रदर्शन, शर्यती-मेळावे, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कारणांसाठीच ती गाडी रस्त्यावर आणता येते, धंद्यासाठी नाही.

आणि मुंबईची काळीपिवळी? कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आर.टी.ओ. कचेरीत नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही गाडी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. निदान एक तरी पद्मिनी जपून ठेवा, अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने केली होती, पण तिला यश आले नाही. ज्या गाडीने लाखो मुंबईकरांना स्टेशनावर, इस्पितळात, लग्नाला पोहोचविले, तिला पन्नास वर्षांची होऊन ‘व्हीए’ अक्षरे मिळविण्याची सवडच नसते. कष्ट करणारी गाडी पन्नाशी गाठीत नाही. कष्ट करणाऱ्या माणसासारखेच आहे हे.

म्हणून आमचे सांगणे तीन गोष्टींचे. सवलत द्यायची तर ती गाडी किती धावते आणि किती धूर सोडते यावर द्या, नुसत्या हौसेवर नको. तपासणी कोणालाही माफ करू नका. आणि समाजाच्या भल्यासाठी एखाद्याची पोटाची गाडी वयाच्या नियमाने काढून घेणार असाल, तर नव्या गाडीच्या कर्जाचा भार त्या एकट्याच्या डोक्यावर टाकू नका, समाजाने त्यात वाटा उचलावा. वारसा जपण्यासाठी तिजोरी थोडी सैल करता येते, हे विलायतेने दाखविले आहे. तो वारसा ज्यांच्या हातांनी घडला आणि ज्यांच्या हातांनी चालला, त्यांच्यासाठीही ती तितकीच सैल करता येईल. त्यासाठी मागणी मात्र संघटितपणे केली पाहिजे.