पॉइंटर कधी सरकवायचा?

१०० गिगाबिटच्या पोर्टवर ६४ बाइटची, म्हणजे सगळ्यात लहान इथरनेट पॅकेटं लागोपाठ आली, तर दोन पॅकेटांत अंतर पडतं ६.७२ नॅनोसेकंदांचं. तेवढ्यात फायबरमधला प्रकाश दीड मीटरही जात नाही. स्विचच्या चिपला पॅकेटांबद्दलचे निर्णय याच वेगानं घ्यावे लागतात.

पत्ता वाचून बाहेरचं पोर्ट शोधणं जमून जातं. डोकेदुखी असते रांगांची. इनपुटपाशी एकच रांग ठेवली, की अरुंद रस्त्यावर उजवीकडे वळायला थांबलेल्या गाडीमागे सरळ जाणारे अडकतात, तसं होतं. मार्क कॅरोल आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये गणितानं दाखवलं, की पोर्टं पुष्कळ असली आणि ट्रॅफिक सगळीकडे सारखा वाटलेला असला, तरी असा स्विच क्षमतेच्या ५८.६ टक्क्यांच्या वर जात नाही. म्हणून आता प्रत्येक इनपुटपाशी दर आउटपुटसाठी वेगळी रांग असते.

मग कोणी कधी पाठवायचं? निक मॅकिओन यांचा आयस्लिप अल्गोरिदम मला खऱ्या अर्थानं कळला तो सिम्युलेटरच्या वेव्हफॉर्ममध्ये. चार बाय चारचा स्विच, सगळ्या रांगा भरलेल्या. इनपुटं रिक्वेस्ट करतात, आउटपुटं एकेकाला ग्रँट देतात, इनपुटं त्यातली एक स्वीकारतात. पाळी कोणाची, हे पॉइंटर सांगतो. रीसेटनंतर सगळे पॉइंटर शून्यावर, त्यामुळे चारही ग्रँट शून्य नंबरच्या इनपुटलाच जातात. ते एक घेतं, तीन वाया.

गंमत पुढे आहे. ग्रँट स्वीकारली गेली, तरच आउटपुटचा पॉइंटर सरकतो; नाकारली गेली तर जागेवरच. एवढ्याशा नियमानं दुसऱ्या खेपेला दोन जोड्या जमतात, तिसऱ्याला तीन, चौथ्याला चार. पॉइंटर एकमेकांपासून फाकतात आणि रांगा भरलेल्या असेपर्यंत पुन्हा एकत्र येत नाहीत. कोणी मध्यस्थ नाही, मोठा हिशेब नाही.

याहून सरस वाटप गणितानं काढता येतं, पण इतक्या कमी वेळात हार्डवेअरला ते झेपत नाही. ट्रॅफिक एकीकडे झुकला, की आयस्लिपही कमी पडतो. मग रिक्वेस्ट-ग्रँटच्या फेऱ्या वाढवायच्या, नाहीतर आतलं फॅब्रिक लाइनपेक्षा जास्त वेगानं चालवायचं. दोन्हींची किंमत सिलिकॉनमध्ये आणि वॅटमध्ये मोजावी लागते, आणि डिझाइन रिव्ह्यूत खडाजंगी होते ती त्यावरूनच.