रेडवूडखाली जागवलेल्या रात्री

रात्री झाडाखाली झोपू नये, झाडं वाईट हवा सोडतात, असं आजी बजावायची. 1955 साली कॅलिफोर्नियात बिग सुरच्या रानात चार्ल्स डेव्हिड कीलिंग हा 27 वर्षांचा रसायनशास्त्रज्ञ नेमका रेडवूडखाली मुक्काम ठोकून होता. झोपेचीही मजाच. रात्रीतून अनेकदा झोपायच्या पिशवीतून सरपटत बाहेर यायचं, काचेच्या चंबूत हवा भरायची, तो बंद करायचा, पुन्हा आत. हिशेब असा निघाला: दुपारी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड साधारण 310 भाग, रात्री हमखास त्याहून जास्त. कार्बनच्या समस्थानिकांनी चोर पकडून दिला. झाडं आणि माती!

झाड श्वास दिवसाही घेतंच, चोवीस तास. फक्त उन्हात अन्न तयार करताना ते सोडलेल्यापेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून सोडलेला दिसत नाही. ही देवाणघेवाण मुख्यतः पर्णरंध्रांतून होते. पान उलटं करून त्यावर नख ठेवा. नखाएवढ्या जागेत ही छिद्रं दहा हजारांच्या घरात सहज असतात. खोड सालीवरच्या छिद्रांतून श्वास घेतं, मुळं मातीतल्या हवेवर भागवतात.

आता बेरीज. पृथ्वीवरच्या वनस्पती वर्षाला ढोबळमानाने 12,000 कोटी टन कार्बन हवेतून घेतात आणि त्यातला जवळपास निम्मा स्वतःच्याच श्वसनात परत सोडतात. आपली कोळसा-तेलाची धुराडी सोडतात सुमारे 1,000 कोटी टन. म्हणजे झाडांचा नुसता उच्छ्वास आपल्या धुराच्या सहापट! पण झाडं आधी घेतात, मग देतात. आपण फक्त देतो.

ही उधारी कीलिंगनेच पकडली. 1958पासून हवाईतल्या मौना लोआवर, सुमारे 3,400 मीटर उंचीवर, त्याने मोजणी लावली. उत्तर गोलार्धात पालवी फुटली की आकडा उतरतो, पानगळीनंतर चढतो. दरसाल सहा-सात भागांचा हा हेलकावा. एक भाग म्हणजे तब्बल 780 कोटी टन वायू. हेलकाव्याखालची पातळी मात्र चढतच गेली: 1959ची सरासरी 316, 2024ची 424च्या वर.

आणि आजीचं? दारं-खिडक्या लावून दोघं झोपलेल्या खोलीत हाच आकडा हजारापार जातो. रेडवूडखालची हवा त्यापुढे कितीतरी बरी. झाडाखाली खुशाल झोपा, वाळकी फांदी तेवढी पाहून घ्या.