सरपटत्या चेंडूचा टप्पा

बेसबॉलमध्ये जमिनीवरून येणारा फटका, म्हणजे ग्राउंडर, अडवण्याची जबाबदारी प्रामुख्याने चौघांवर असते: तिन्ही बेसजवळचे खेळाडू आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप. दोन बेसमध्ये ९० फूट अंतर असते. लिटल लीगच्या लहान मुलांसाठी ते ६० फूट ठेवतात. फलंदाज फटका मारताच पहिल्या बेसकडे धावत सुटतो, त्यामुळे चेंडू नुसता अडवून भागत नाही, तो लगेच त्या बेसकडे फेकावाही लागतो. क्रिकेटमध्ये गुडघा टेकून पाय आडवा लावणे शहाणपणाचे असते. इथे गुडघा टेकणारा उठून फेक करेपर्यंत धावणारा बहुधा बेसवर पोचलेला असतो.

शिकवण्याची सुरुवात बॅटशिवाय करावी. प्रशिक्षकाने काही पावलांवरून हाताने हळू चेंडू सोडावा. मुलाचे पाय खांद्यांपेक्षा रुंद, गुडघे वाकलेले, बूड खाली आणि ग्लव्ह शरीराच्या पुढे, जमिनीला टेकलेला, तोंड चेंडूकडे उघडे. बहुतेक मुले कंबरेतून वाकतात आणि ग्लव्ह पायांच्या मध्ये, अंगाशी घेतात. तिथे चेंडू नजरेआड होतो. ग्लव्ह पुढे असला तर चेंडू आत शिरेपर्यंत दिसत राहतो.

ग्लव्ह आधीच खाली असण्याला फार महत्त्व आहे. चेंडू अचानक उसळला तर हात वर नेणे सोपे. तो खालून निसटू लागला की हात खाली नेईपर्यंत उशीर झालेला असतो. २५ ऑक्टोबर १९८६ रोजी वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात बोस्टनच्या बिल बकनरच्या पायांमधून असाच एक साधा चेंडू ग्लव्हखालून निघून गेला आणि न्यूयॉर्क मेट्सने सामना जिंकला. अनुभवी, उत्तम खेळाडूच्या बाबतीतही हे घडू शकते.

खरी कसोटी टप्प्याची. जमिनीवर आपटून चेंडू नुकताच उठत असताना तो घेता येतो किंवा उंच जाऊन खाली येताना. मधल्या टप्प्यावर, चेंडू वेगाने वर चढत असताना, तो छातीवर नाहीतर मनगटावर आदळतो. म्हणून चेंडूची वाट पाहत थांबणारे मूल चुकते. दोन पावले पुढे येऊन किंवा अर्धे पाऊल मागे सरून सोयीचा टप्पा निवडायचा असतो. झेल हातांनी होतो खरा, पण त्याचा निर्णय पाय घेतात. ज्या प्रशिक्षणात पायांना वेळ दिला जात नाही, ते अपुरेच राहते.

चेंडू तोंडावर येईल या भीतीने मूल मान वळवते. त्याला रागावून उपयोग नसतो. मऊ चेंडू किंवा टेनिसचा चेंडू दिला की भीती हळूहळू ओसरते. मेजर लीगमधले नामांकित प्रशिक्षक रॉन वॉशिंग्टन खेळाडूला गुडघ्यांवर बसवून जवळून आखूड टप्प्याचे चेंडू देतात. पाय बाजूला ठेवल्याने हातांची हालचाल सुटी करून घोटता येते. हा सराव मुलांनाही जमतो.

दुसरा हात ग्लव्हच्या वर उघडा राहतो: उसळलेला चेंडू त्याच्यावर अडतो आणि ग्लव्हमधला चेंडूही तोच पटकन उचलतो. दोन्ही हात मिळून चेंडू पोटाकडे आणतात. उजव्या हाताने फेकणारा मग उजवे पाऊल लक्ष्याकडे आडवे टाकतो, डावा खांदा पहिल्या बेसकडे वळवतो आणि फेकतो. हा क्रम हाताने सोडलेल्या चेंडूवर अंगवळणी पडल्यावरच प्रशिक्षकाने फंगो, म्हणजे सरावाचे फटके मारण्याची हलकी, लांब बॅट, हातात घ्यावी.