कॅसिनो: शिळा सारखी, पण नावाचे काय?

रोमहून नेपल्सकडे निघाले की साधारण अर्ध्या वाटेवर कॅसिनो लागते. डोंगरावर बेनेडिक्टाइन साधूंचा मठ, पायथ्याशी गाव. जानेवारी ते मे १९४४ या काळात इथे एकामागून एक चार लढाया झाल्या. १५ फेब्रुवारीला दोस्तांच्या विमानांनी मठ जमीनदोस्त केला. आज दिसतो तो पुन्हा उभारलेला. बहुतेक प्रवासी मठ बघतात, फोटो काढतात आणि परततात. आपण आज बोलणार आहोत ते मठाच्या आसपासच्या सैनिकी दफनभूमींबद्दल. तिथे गेल्यावर आम्हाला जो प्रश्न पडला तो साधा आहे: मेलेल्या सैनिकाचे आपण नेमके काय देणे लागतो?

पोलिश दफनभूमी मठाच्या अगदी समोर, उतारावर आहे. हजाराहून थोड्या जास्त कबरी. क्रूस आहेत, आणि ज्यू सैनिकांसाठी डेव्हिडचा ताराही आहे. त्यांचे सेनापती जनरल आंदेर्स १९७० साली लंडनमध्ये वारले, पण त्यांना पुरले इथे, आपल्या माणसांत. तिथला लेख वाटसरूला उद्देशून आहे, मायदेशी आमचा निरोप सांग, अशा अर्थाचा. हा जुना ग्रीक प्रघात, थर्मोपिलीपासूनचा. आता बघा, यातल्या अनेकांची घरे पूर्व पोलंडमध्ये होती आणि तो भाग युद्धानंतर सोव्हिएत संघाकडे गेला. म्हणजे निरोप पोचवायचा तरी कुठे? आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती ना, तिथल्या बऱ्याच बायकामुलांची माणसे याच सैन्यात होती.

जर्मन दफनभूमी काइरा इथे, टेकडीवर. वीस हजारांहून अधिक माणसे आणि एकेका क्रुसावर पुढून-मागून कितीतरी नावे. हरलेल्या, त्यातही अन्यायाच्या बाजूने लढलेल्या सैन्याचे मृत सांभाळायचे कसे? नाव आणि तारखा, बस्स. शौर्याचा गाजावाजा नाही. आम्हाला हे उत्तर प्रामाणिक वाटले.

तिसरी राष्ट्रकुलाची वॉर सिमेट्री, गावालगतच्या सपाटीवर. इथे चार हजारांहून अधिक कबरी आहेत. हिरवळ, फुलझाडे आणि ठरलेल्या मापाच्या शिळा: २ फूट ८ इंच उंच, १ फूट ३ इंच रुंद. कर्नल असो की शिपाई, माप तेच. पाहणारा म्हणतो, "काय शिस्त आहे!" पण ही नुसती शिस्त नव्हे बरं का, हा वाद घालून केलेला निर्णय आहे.

पहिल्या महायुद्धाच्या आधी मोठ्या अधिकाऱ्याला स्मारक आणि शिपायाला सामाईक खड्डा, असाच रिवाज होता. १९१७ साली फेबियन वेअर यांच्या प्रयत्नाने इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन स्थापन झाले. १९१८ मध्ये फ्रेडरिक केन्यन यांनी अहवाल दिला की हुद्द्यावरून, ऐपतीवरून भेद नको. प्रेतेही मायदेशी न्यायची नाहीत, कारण नेणे फक्त श्रीमंतांनाच परवडले असते. लोक चिडले. तीन मुलगे गमावलेल्या लेडी फ्लॉरेन्स सेसिल यांनी शिळेऐवजी क्रूस असावा म्हणून हजारो सह्यांचा अर्ज केला. मृत मुलगा आईचा की सरकारचा, असा हा पेच होता, आणि आम्हाला त्या आईची बाजू कच्ची वाटत नाही. ४ मे १९२० रोजी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये चर्चा होऊन कमिशनचे धोरण टिकले. घरच्यांना शिळेच्या तळाशी एक ओळ दिली गेली, जास्तीत जास्त ६६ अक्षरांची. कॅसिनोत फिरताना या ओळी वाचाव्यात. सारखेपणाच्या आत माणूस तिथेच भेटतो.

पण समान शिळा मिळायला आधी देह हवा. ज्यांचा देहच सापडला नाही त्यांचे काय? थ्युसिडिडीस सांगतो की अथेन्समध्ये युद्धातल्या मृतांच्या अस्थी दहा पेट्यांत, जमातवार नेत, आणि न सापडलेल्यांसाठी एक रिकामी तिरडी सजवून बरोबर घेत. कॅसिनोत त्या रिकाम्या तिरडीची जागा मधल्या स्मारकाने घेतली आहे. पाण्याचे लांबट तळे, दोन्ही बाजूंना हिरव्या संगमरवराच्या उंच शिळा, आणि त्यांवर ज्यांची कबर माहीत नाही अशा चार हजारांवर सैनिकांची नावे. हिंदू सैनिकांचा प्रश्न आणखी वेगळा. ज्याला अग्नी दिला त्याची कबर असणार कुठून? इटलीतच सांग्रो नदीकाठी आणि फोर्ली इथे अशा भारतीयांसाठी वेगळी दहनस्मारके आहेत.

कॅसिनोच्या शिळांवर एक नाव आहे नाईक यशवंत घाडगे यांचे. माणगाव तालुक्यातले, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतले. १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात, सोबतचे सगळे पडल्यावर, त्यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर धाव घेतली, ते घेतले आणि तिथेच गोळ्या लागून ते गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. वय बावीस. भिंतीवर नावे पलटण, मग हुद्दा, मग वर्णक्रम अशी लावलेली असतात. म्हणजे हुद्दा अगदीच पुसलेला नाही, पण अक्षराचा आकार सगळ्यांना एकच.

तुम्ही म्हणाल, मग झाली की समता! थांबा. आता इटली सोडून बसऱ्याला चला. पहिल्या महायुद्धात सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात लढली. तिच्यात मराठा पलटणी होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कुतला तिने शरणागती पत्करली. त्या मोहिमेच्या बसरा स्मारकावर, १९२९ साली, ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली आणि भारतीय अधिकाऱ्यांचीही. भारतीय शिपायांचे काय केले? पलटणीचे नाव आणि खाली आकडा. कमिशन तेच, केन्यन यांचे तत्त्वही तेच. तत्त्व कागदावर सर्वांसाठी होते, पण दगडावर ते फ्रान्समध्ये जसे पाळले तसे इराकमध्ये पाळले नाही. २०२१ साली कमिशनने स्वतःच नेमलेल्या समितीने हे मान्य केले. किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत माणसांची, मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधल्यांची, नावे कुठेच नोंदलेली नाहीत, किंवा स्मरणच नाही.

आपल्याकडे देवळाबाहेर वीरगळ असतात. त्यांवर मरण कोरलेले असते, गाय सोडवताना, लढताना, पण बहुतेकांवर नाव नसते. गावाला नाव ठाऊक होते, म्हणून चालले. परमुलखात मेलेल्याचे गाव तिथे नसते, म्हणून नाव कोरावेच लागते.

तुम्ही गेलात तर प्रवेशाजवळची नोंदवही जरूर मागून, उघडून पाहा. भारतीय सैनिकाच्या नोंदीत पुष्कळदा वडिलांचे नाव, गाव, जिल्हा असतो. रोमन लिपीतले स्पेलिंग विचित्र असते, मोठ्याने वाचले की गाव ओळखू येते. घाडगे यांच्यासाठी मात्र आणखी उत्तरेला जावे लागेल. ते पडले त्या भागात, मोंतोने गावात, २०२३ साली इटालियन लोकांनी त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारले आहे. सगळे एकाच सूर्याखाली, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर आहे.