घरच्या अभ्यासात संस्कृत आणि मराठी लेखन

राज्य मंडळाच्या शाळांत संस्कृत साधारणपणे आठवीपासून सुरू होते. मंगळवेढ्यातले एखादे कुटुंब मुलाला घरीच शिकवत असेल, तर पाचवी ते सातवीच्या वयातच संस्कृतचा पाया घालता येतो. मात्र त्यासाठी मराठी लेखनाचा वेळ कापू नये.

दोन्ही विषयांची गरज वेगळी आहे. संस्कृतात तीन वचने आणि आठ विभक्ती असतात. ती रूपे रोज थोडी म्हटली तरच पक्की होतात. त्यासाठी सकाळची वीस मिनिटे पुरतात. लेखनाला मात्र सलग वेळ लागतो. म्हणून ते आठवड्यातून तीनदा, पाऊण तास ठेवावे: पहिल्या दिवशी मुद्दे, दुसऱ्या दिवशी कच्चा मसुदा, तिसऱ्या दिवशी दुरुस्ती. व्याकरण आणि लेखन एकाच बैठकीत कोंबू नये.

लेखनाचे विषय गावातच आहेत. दुष्काळात सरकारी धान्यकोठार खुले करणाऱ्या दामाजीपंतांची कथा मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहावी. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीविषयी शेतकऱ्याला प्रश्न विचारून माहिती लिहावी. महिन्यातून एकदा एखाद्या सुभाषिताचा अर्थ मराठीत परिच्छेदरूपाने मांडला, की दोन्ही अभ्यास जोडले जातात.

परीक्षा किंवा आजारपणामुळे वेळ कमी पडला, तर संस्कृतचा नवा धडा थांबवावा आणि फक्त उजळणी चालू ठेवावी. लेखन मात्र बंद पडू देऊ नये, कारण प्रत्येक विषयाचे उत्तर शेवटी लिहूनच द्यायचे असते.